अलिबाग ते हर्णै : जलदुर्गांच्या बेटांवर गटाने पाच दिवसांची पदभ्रमंती कशी आखावी

सह्याद्रीतला ट्रेक आखताना आपण आधी रजा बघतो, मग गाडी, मग मुक्काम. समुद्रातल्या किल्ल्यांची सहल आखताना सर्वांत आधी पंचांग उघडावे लागते. खांदेरी, कुलाबा, जंजिरा, सुवर्णदुर्ग ही बेटे वर्षभर तिथेच असली, तरी तिथे जाण्याची वाट रोज वेगळ्या वेळी उघडते आणि वेगळ्या वेळी बंद होते. बहुतेक फसलेल्या सहलींचे कारण एकच असते. आयोजकाने तारीख शनिवार-रविवार बघून ठरवलेली असते आणि तिथी बघितलेलीच नसते.

हा लेख बारा ते पंधरा जणांचा गट नेणाऱ्यांसाठी आहे. यापेक्षा मोठा गट एका होडीत मावत नाही. दोन होड्या झाल्या की अर्धी माणसे उन्हात वाट बघत बसतात आणि भरतीचे गणित मोडते. गटासोबत दोन जाणते हवेत. एक पुढे चालणारा आणि एक सर्वांत मागे. मागच्याच्या मागे कोणीही राहायचे नाही, हा नियम पहिल्याच संध्याकाळी सर्वांना सांगावा.

भरती-ओहोटीचे गणित

किनाऱ्यावर पिढ्यानपिढ्या चालत आलेला हिशेब असा : तिथीचा आकडा घ्या, त्याची पाऊणपट करा. जो आकडा येईल, साधारण तितक्या वाजता पूर्ण भरती. चतुर्थी असेल तर चारची पाऊणपट तीन, म्हणजे दुपारी तीनला आणि पहाटे तीनच्या पुढेमागे भरती. त्याच्या आधी आणि नंतर सव्वासहा तासांनी ओहोटी, म्हणजे सकाळी नऊच्या सुमारास आणि रात्री नऊनंतर. शुद्ध असो वा वद्य, मोजणी एक ते पंधरा अशीच करायची. या हिशेबात अर्धा-पाऊण तासाचा फरक पडतो. त्यामुळे तारखा ठरवायला तो पुरेसा आहे, पण पाण्यात पाय घालायला पुरेसा नाही. नेमकी वेळ आणि पाण्याची उंची भारतीय सर्वेक्षण विभागाच्या भरती-ओहोटी तक्त्यांवरून घ्यावी आणि आदल्या संध्याकाळी बंदरावरच्या नाखव्याला विचारून पक्की करावी.

वेळेइतकीच महत्त्वाची असते ती उंची. पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास उधाण असते. तेव्हा भरती उंच चढते आणि ओहोटीला पाणी खूप आत जाते. अष्टमी-नवमीच्या सुमारास भांग असतो. पाणी फार चढत नाही आणि फार उतरतही नाही. इथे नवखे लोक हमखास चुकतात. अष्टमीला ओहोटी भर दुपारी बाराला येते, वेळ सोयीची वाटते म्हणून ते कुलाबा किल्ल्याकडे चालत निघतात आणि वाटेत कमरेइतके पाणी लागते. उलट ऐन पौर्णिमेला पाणी पूर्ण हटते, पण सकाळी आणि संध्याकाळी सहाच्या सुमारास, म्हणजे अंधुक उजेडात. दोन्हींचा मेळ बसतो तो द्वितीया ते पंचमी या दिवसांत. उधाणाचा जोर पौर्णिमा-अमावास्येनंतरही एक-दोन दिवस टिकतो आणि ओहोटी साडेसात ते पावणेदहाच्या दरम्यान येते. म्हणून ही सहल द्वितीयेला सुरू करून षष्ठीला संपवावी. महिन्यातून अशा दोन खिडक्या मिळतात. त्यातली जी सोमवार ते शुक्रवारच्या जवळ येईल ती धरावी. शनिवार-रविवारी जंजिऱ्याच्या धक्क्यावर रांगेतच सकाळ जाते.

पाणी चढताना सारख्या वेगाने चढत नाही, हेही गटाला नीट समजावून द्यावे. ओहोटीनंतरच्या पहिल्या तासात एकूण चढावाचा बारावा हिस्सा चढतो, दुसऱ्या तासात दोन हिस्से, तिसऱ्या आणि चौथ्या तासात तीन-तीन, मग पुन्हा दोन आणि एक. अलिबागच्या बाजूला उधाणात हा चढाव चार मीटरच्या घरात असतो. म्हणजे पहिल्या तासात जेमतेम फूटभर पाणी वाढते आणि तिसऱ्या तासात एक मीटर. ‘अजून तर घोट्यापर्यंतच आहे’ असे वाटते तेव्हाच वेग वाढायला लागलेला असतो. दक्षिणेकडे जाल तसा हा चढाव कमी होतो आणि भरतीही थोडी लवकर येते. त्यामुळे अलिबागचे वेळापत्रक मालवणला लावू नये.

हंगाम

नोव्हेंबरच्या मध्यापासून फेब्रुवारी अखेरपर्यंत. पहाटे जमिनीकडून मतलई वारा असतो आणि समुद्र सपाट असतो. अकरा-बारानंतर खारा वारा धरतो आणि लाटा उठू लागतात. म्हणून होडीचा प्रत्येक प्रवास सकाळी उरकेल असाच बेत हवा. मार्चपासून तटांचे दगड इतके तापतात की दहानंतर फिरणे नकोसे होते. ऑक्टोबर-नोव्हेंबरात अरबी समुद्रात वादळे होऊ शकतात, तेव्हा हवामान खात्याचा मच्छीमारांसाठीचा इशारा रोज बघावा. पावसाळ्यात किल्ल्यांच्या प्रवासी होड्या बंद असतात. कोणी खासगीत नेतो म्हणाला तरी जाऊ नये.

काय न्यायचे

पायांत काय घालायचे याबाबत तडजोड नको. दोन जोड लागतात. एक, मागे पट्टा असलेली, ओली झाली तरी चालणारी सँडल. दुसरा, तटावर आणि झुडपांत चालायला बंद बूट. अनवाणी किंवा साध्या चपलेवर कोणालाही पाण्यात उतरू देऊ नये. ओहोटीला उघडे पडणारे खडक कालवांनी भरलेले असतात आणि कालवांची कड तळपाय पात्यासारखा कापते. अशी जखम खाऱ्या पाण्याने लवकर भरत नाही आणि पुढचे चार दिवस चालणे संपते. शेवाळाचे खडक हिरवे दिसतात तिथे पाय ठेवू नये. कोरड्या, खरखरीत, करड्या भागावरच वजन टाकावे.

पाणी माणशी तीन लिटर. बेटांवर विहिरी आणि तलाव आहेत, पण त्यांतले पाणी पिण्याच्या भरवशावर जाऊ नये. ओआरएसची दोन पाकिटे, रुंद काठाची टोपी, पूर्ण बाह्यांचा सुती सदरा. मोबाईल आणि औषधे जलरोधक पिशवीत. मोज्यांचे तीन जोड तरी हवेत. खारे पाणी सुकले की मिठाचे कण घासून घोट्यावर फोड येतात. म्हणून पाण्यातून बाहेर आल्यावर गोड्या पाण्याने पाय धुऊन, कोरडे करून मगच बूट चढवावेत. यासाठी माणशी अर्धा लिटर जास्तीचे पाणी गाडीत ठेवावे.

लाइफ जॅकेट होडीवाल्याकडे असते, पण सर्वांना पुरेल इतके आणि पट्टे शाबूत असलेले आहे ना, हे आदल्या दिवशी स्वतः मोजून बघावे. लहान मुले असतील तर त्यांच्या मापाचे जॅकेट आपण न्यावे.

पहिला दिवस, द्वितीया : किनाऱ्याने थळ, तिथून खांदेरी

आदल्या रात्री अलिबागला मुक्काम. पावणेसातला किनाऱ्यावर उतरून उत्तरेकडे चालू लागावे. ओहोटी साडेसातच्या सुमारास असल्याने ओली, घट्ट वाळू मिळते. कोरड्या वाळूत जेवढ्या श्रमात एक किलोमीटर होते, तेवढ्यात इथे दोन होतात. वरसोलीवरून थळपर्यंत पाच-सहा किलोमीटर, रमतगमत दोन तास. एखाद्या ओढ्याचे तोंड लागले तर ते वरच्या अंगाला, जिथे पाणी पसरून उथळ झाले आहे, तिथून ओलांडावे. थळला न्याहारी.

होडी साडेनऊला. त्याआधी थळच्या बंदरात पुरेसे पाणी नसते. खांदेरीसाठी संपूर्ण होडी ठरवावी लागते. ठरवताना चार गोष्टी लिहून घ्याव्यात : किती माणसे, बेटावर किती वेळ थांबणार, समुद्र खवळल्यामुळे जाता आले नाही तर आगाऊ रकमेचे काय, आणि उंदेरीला वळसा घालणार की नाही. बेटावर उतरण्याच्या परवानगीची आणि नोंदीची चौकशीही याच वेळी करावी.

१६७९ साली शिवरायांनी खांदेरी बांधायला घेतली, तेव्हा मुंबईकर इंग्रजांनी गलबते आणून वेढा घातला. मायनाक भंडारी आणि दौलतखान यांच्या माणसांनी उथळ तळाच्या लहान होड्यांतून रात्री सामान पोहोचवले. खडकाळ, कमी पाण्याच्या त्या पट्ट्यात मोठी जहाजे त्यांचा पाठलाग करू शकली नाहीत. होडीतून जाताना नाखवा ज्या वळणांनी होडी नेतो, ती बघितली की हा इतिहास डोळ्यांनी कळतो, म्हणून गटाला ही माहिती बेटावर नव्हे तर होडीतच सांगावी. समोरची उंदेरी पुढे जंजिऱ्याच्या सिद्दीने बळकावली. त्या दोन बेटांमधले अंतर इतके कमी आहे की एकमेकांच्या तोफांच्या सावलीत दोघे कसे राहिले असतील, असा प्रश्न पडतो. उंदेरीला धक्का नाही, ओल्या खडकांवर उडी घेऊन उतरावे लागते. मिश्र वयाच्या गटाने ती होडीतूनच बघावी.

खांदेरीवर वेताळाचे देऊळ, १८६७ साली उभारलेले दीपगृह, तोफा आणि ठोकल्यावर धातूच्या भांड्यासारखा नाद देणारा दगड आहे. तटावरून संपूर्ण फेरी मारायला सवा-दीड तास धरा. तटाच्या बाहेरच्या कडेला जाऊ नये, तिथले काही चिरे सुटलेले आहेत. साडेबाराच्या आत परत थळला यावे. त्यानंतर वारा धरतो.

दुसरा दिवस, तृतीया : कुलाबा

पाचांपैकी सर्वांत सोपा दिसणारा आणि सर्वांत जास्त काळजी मागणारा हा दिवस. ओहोटी सव्वाआठला. सव्वासातला अलिबागच्या किनाऱ्यावरून निघायचे, पाऊण तासात किल्ल्यात, आणि सव्वानऊला काहीही झाले तरी बाहेर. शेवटची वेळ सर्वांना आधी सांगावी आणि मागच्या माणसाने नऊला शिट्टी वाजवावी. ओहोटी लागून पाणी उतरत असताना किल्ल्यात जायचे आणि ते पुन्हा चढायला लागल्यावर तासाभरात परतायचे, एवढे पाळले तर धोका राहत नाही. उशीर झालाच तर पाण्यातून घाईने निघू नये. वाळूतले खळगे भरलेले असतात आणि ते वरून दिसत नाहीत. किल्ल्यातच उंचावर थांबून ११२ वर कळवावे. पुढची ओहोटी येतेच.

चालताना पाय उचलून टाकण्याऐवजी घोटाभर पाण्यात ते फरफटत पुढे सरकवावेत. वाळूत पाकट मासा दबून बसलेला असतो. त्याला हालचाल जाणवली की तो निघून जातो, पण थेट पाय पडला तर शेपटीचा काटा मारतो.

किल्ल्यात आधी तटाकडे बघावे. मोठमोठे चिरे चुन्याविना नुसते एकावर एक बसवले आहेत. लाटेचे पाणी फटींत शिरून जिरते, त्यामुळे तडाख्याचा जोर फुटतो. शिवरायांच्या अखेरच्या वर्षी, १६८० साली सुरू झालेले हे बांधकाम संभाजीराजांच्या काळात पूर्ण झाले. पुढे हेच आंग्र्यांचे ठाणे. राघोजी आंग्र्यांनी बांधलेले गणेश पंचायतन, गोड्या पाण्याचा तलाव आणि उत्तर टोकाच्या चाकांवरच्या दोन इंग्रजी तोफा, एवढे बघून तास भरतो. शेजारचा सर्जेकोट वेळ उरला तरच. ज्यांना चालवत नाही त्यांच्यासाठी किनाऱ्यावर घोडागाड्या मिळतात, पण परतीची वेळ त्यांनाही तीच.

जेवून दुपारी मुरूडला. रेवदंड्याच्या पुलावरून काशीदमार्गे दोन तास धरावेत.

तिसरा दिवस, चतुर्थी : राजपुरी आणि जंजिरा

सकाळी मुरूडहून घाटरस्त्याने राजपुरी चालत. चार-पाच किलोमीटर आहेत. चढ सौम्य आहे आणि वरच्या वळणावरून जंजिरा खाडीच्या तोंडाशी अख्खा दिसतो. इथे पंधरा मिनिटे थांबून नकाशा उघडावा. पश्चिमेला समुद्रात पद्मदुर्ग, समोर जंजिरा, मागे राजपुरी. सिद्दीच्या नाकासमोर कांसा खडकावर शिवरायांनी पद्मदुर्ग का उभारला, हे या एका जागेवरून समजते, पुस्तकात कितीही वाचले तरी असे समजत नाही. १६८२ च्या सुमारास संभाजीराजांनी दगड टाकून खाडीच बुजवायचा प्रयत्न केला, ती अरुंद पट्टीही इथून दिसते.

राजपुरीहून शिडाच्या होड्या सुटतात. अकराच्या सुमाराची होडी धरावी. पाणी चढतीचे असते आणि दरवाजाच्या खालच्या, शेवाळलेल्या पायऱ्या बुडालेल्या असतात. जंजिऱ्यावर अपघात होतात ते बहुधा समुद्रात नव्हे, तर होडीतून पायरीवर पाऊल टाकताना. लाट होडी वर उचलते त्या क्षणी पाय टाकायचा, खाली जाताना नाही. दोन्ही हात मोकळे हवेत, पाठपिशवी पाठीवर. होडी आणि दगडाच्या मधे हात किंवा पाय कधीही घालू नये. सर्व जण एका बाजूला उठून उभे राहिले की होडी कलते. खलाशी नाव घेईल तसा एकेकाने उठावे.

होडीवाले साधारण पाऊण तास देतात आणि तो अपुरा पडतो. संपूर्ण होडी ठरवून दीड तास मागून घेणे गटाला परवडते. कलालबांगडी, चावरी आणि लांडा कासम या तोफा, दोन गोड्या पाण्याचे तलाव, सुरुलखानाच्या वाड्याचे अवशेष, समुद्राकडे उघडणारा मागचा दरवाजा, या क्रमाने फिरले की पुन्हा मागे यावे लागत नाही. मराठ्यांना, इंग्रजांना, पोर्तुगीजांना हा किल्ला कधीच घेता आला नाही. सिद्दींचे संस्थान १९४८ साली भारतात विलीन झाले.

पद्मदुर्गाला जाता आले तर जावे. खाऱ्या वाऱ्याने तिथले दगड झिजून आत गेले आहेत आणि मधला चुना तसाच उभा राहिला आहे. हे दृश्य दुसरीकडे मिळत नाही. पण तिथे नीट धक्का नाही, होडी समुद्राच्या मर्जीवर जाते. म्हणून तो वेळापत्रकात न धरता जास्तीचा ठेवावा.

दुपारी आगरदांडा ते दिघी फेरी बोट, गाडीसकट. रात्री दिवेआगर.

चौथा दिवस, पंचमी : दिवेआगर, हरिहरेश्वर

पहाटे दिवेआगरच्या लांब पुळणीवर चार किलोमीटर चाल. मग गाडीने हरिहरेश्वरला पावणेदहाच्या आत पोहोचायचे, कारण देवळामागची प्रदक्षिणेची वाट फक्त ओहोटीत चालता येते. पायऱ्या उतरून खाली लाटांनी कोरलेल्या खडकांच्या सज्जावरून ती जाते. पाठ समुद्राकडे करून फोटो काढताना इथे माणसे लाटेने ओढली गेली आहेत. दोन मोठ्या लाटांमधे बराच वेळ शांतता असते आणि तीच फसवते. खडक ओला दिसतो तिथवर लाट येते, असे समजून त्याच्या आतल्या बाजूनेच चालावे. लाल बावटा असेल किंवा स्थानिक माणसाने नको म्हटले तर वरूनच दर्शन घ्यावे.

बागमांडला ते वेश्वी फेरी, मग केळशी, आंजर्ले करत हर्णै. संध्याकाळी बंदरावरचा मासळीचा लिलाव बघण्यासारखा असतो. मधे उभे राहून कामात अडथळा आणू नये, विचारल्याशिवाय बायकांचे फोटो काढू नयेत. उद्याची होडी इथेच ठरवावी.

पाचवा दिवस, षष्ठी : सुवर्णदुर्ग

साडेसातला होडी. पंधरा-वीस मिनिटांचे अंतर. उतरताना गुडघाभर पाण्यातून जावे लागते, म्हणून सँडल पायात आणि बूट पिशवीत. दरवाजा वळणात लपवलेला आहे, जवळ जाईपर्यंत दिसत नाही. पायरीवर कासव आणि भिंतीवर मारुती कोरला आहे. आत रान माजलेले आहे. पूर्ण पँट, हातात काठी, पुढच्याच्या पावलावर पाऊल, आणि पडक्या जोत्यांच्या फटींत हात घालायचा नाही. समोरच्या किनाऱ्यावर कनकदुर्ग, फत्तेगड आणि गोवा किल्ला आहेत. कान्होजी आंग्र्यांचा उदय इथूनच झाला आणि १७५५ साली इंग्रजांच्या कमोडोर जेम्सने पेशव्यांच्या साथीने हल्ला चढवून हा किल्ला घेतला. तटावरून हे तिन्ही किल्ले बघितल्यावर त्यांचे एकमेकांशी नाते लगेच लक्षात येते. दहापर्यंत परत बंदरावर.

खांदेरी, सुवर्णदुर्ग आणि मालवणचा सिंधुदुर्ग हे तिन्ही जलदुर्ग २०२५ साली युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आलेल्या बारा मराठा किल्ल्यांपैकी आहेत. त्यामुळे गर्दी वाढेल आणि कचराही. प्रत्येकाने आपला कचरा परत आणायचा. तटावर जेवणावळ मांडायची नाही.

काही बिघडले तर

जेलीफिशचा डंख झाला तर तो भाग चोळू नये, गोड्या पाण्याने धुऊ नये. समुद्राच्याच पाण्याने धुवावा, चिकटलेले धागे चिमट्याने अलगद काढावेत. पाकटाचा काटा लागला तर सोसवेल इतक्या गरम पाण्यात पाय तासभर बुडवून ठेवावा. काटा खोल रुतला असेल तर तो उपटू नये. दोन्ही वेळा दवाखान्यात जायचेच. समुद्रात मदत हवी असेल तर तटरक्षक दलाचा १५५४, रुग्णवाहिकेसाठी १०८. बेटांवर मोबाईलला सिग्नल जातो-येतो, म्हणून किनाऱ्यावरच्या एका माणसाकडे नावांची यादी आणि परतीची वेळ लिहून ठेवावी. वेळेनंतर अर्ध्या तासात फोन आला नाही तर त्याने चौकशी सुरू करायची, असे ठरवून द्यावे.

माणसे मोजायची ती चार वेळा : होडीत चढल्यावर, बेटावर उतरल्यावर, बेटावरून निघताना होडीत बसल्यावर, आणि किनाऱ्यावर. मोजणी आवाजी आकड्यांनी, प्रत्येकाचा आकडा पाच दिवस तोच.

जेवणासाठी घरगुती खानावळी उत्तम. पण आदल्या रात्री माणसांचा आकडा, शाकाहारी किती, मासे खाणारे किती, हे कळवावे लागते. ऐनवेळी पंधरा ताटे मिळत नाहीत. होडीच्या आधी पोटभर मासे-भात टाळून घावन किंवा पोहे घ्यावेत. ज्यांना बोट लागते त्यांनी गोळी निघण्याआधी अर्धा तास घ्यावी आणि होडीच्या मधोमध, क्षितिजाकडे तोंड करून बसावे.

सिंधुदुर्ग या पाच दिवसांत कोंबू नये. हर्णैहून मालवण म्हणजे दिवसभराचा गाडीप्रवास. शिवाय ४८ एकरांचा तो किल्ला, तीन किलोमीटरच्या आसपासचा तट, दूधबाव, दहीबाव आणि साखरबाव, राजाराम महाराजांच्या काळातले शिवराजेश्वर मंदिर आणि ओहोटीत वाळूच्या पट्टीने गाठता येणारा पद्मगड, यांना वेगळे दोन दिवस द्यावेत. त्यासाठीही तारीख उधाणाच्या लगतची आणि तक्ता मालवणचाच घ्यावा.